पैठणी विणायला शिकायचंय? पैठणच्या या हातमागवाल्यांकडं जाऊन या

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली सांगते.

पैठण गावात नाथांच्या वाड्याकडं जाणाऱ्या गल्लीत हे दुकान आहे, पुढं साड्या आणि आत चार हातमाग, आणि ज्यांना खरंच विणकामात करिअर करायचंय त्यांना इथं शिकवतात. मी बीकॉमनंतरची जालन्यातली डाटा एन्ट्रीची नोकरी सोडून आले आणि आता इथंच मजुरीवर विणते, म्हणून जरा सविस्तर लिहितेय, कारण "आवड आहे ना, मग कर" म्हणणारे लई भेटतात, पोटापाण्याचं कोणीच बोलत नाही.

इथं आधी पोटापाण्याचंच बोलले. शिकवणाऱ्या काकूंनी पहिल्या दिवशी मागाला हात लावू दिला नाही, वही उघडली. त्यात एका साडीचा पूर्ण हिशोब, रेशीम केवढ्याचं, जरीचा धागा केवढ्याचा, काठाला किती दिवस, पदराला किती, आणि शेवटी विणणाऱ्याच्या हातात काय उरतं ते. मजुरी नगावर असते, म्हणजे आजारी पडलं की त्या दिवसाचे पैसे नाहीत हेही त्यांनीच सांगितलं. शिकायची फी घेत नाहीत पण पहिली विकण्यासारखी साडी मागावरून उतरेपर्यंत पैसेही देत नाहीत, तेवढे महिने घरून कोण बघणार हे विचारूनच घेतात. त्या पानाचा फोटो मी बाबांना दाखवला तेव्हा कुठं घरचे तयार झाले. याआधी मी दुसऱ्या एका क्लासला चौकशी केली होती, तिथं फी भरायची घाई, आणि नंतर काम कुठं मिळेल विचारलं तर कोणाकडंच उत्तर नाही.

शिकवणं एकदम कडक आहे. सगळ्यांनाच मोर काढायचा असतो, काकू म्हणतात, "मोर नंतर, आधी काठ सरळ आणून दाखव." काठ वेगळ्या रंगाचा असला की तीन धोटे (आडवा धागा टाकणारी लाकडी नळी) चालवावे लागतात, दोन्ही काठांना एकेक आणि मधल्या अंगाला एक, आणि तिन्हींचा ताण सारखा राहिला नाही तर काठ लगेच आखडतो. पदराला तर प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली छोटी काडी, हिरवी, लाल, जांभळी, जरीच्या वेगळ्या, अशा कितीतरी एका ओळीत लटकत असतात आणि दोन रंग जिथं भेटतात तिथं एकाचा धागा दुसऱ्यात अडकवून परत फिरवायचा, मागून मोकळा सोडायचा नाही. दाट पदर असेल तर दिवसभरात इंच-दोन इंच काम होतं, त्याहून जास्त नाही. काकू जाता-येता पदराच्या खालच्या बाजूनं अंगठ्याचं नख फिरवतात, कुठं धागा अडकला की तिथंच थांबतात, काही बोलत नाहीत, आपल्याला कळतं. पण असं नख फिरवून घेतल्याशिवाय हात तयार होत नाही, हे मी मनापासून सांगते.

घेणाऱ्यांसाठी पण हेच बघायचं, पदर उलटा करा. हातमागाच्या पैठणीत मोर मागून पण तसाच स्वच्छ दिसतो, सेमीला, म्हणजे मशीनवरच्या पैठणीला, मागं धागे लोंबतात नाहीतर कापलेले असतात. या दुकानात सेमी पण आहे, पण वेगळ्या कपाटात, वर चिठ्ठी लावून, आणि न विचारता सांगतात की ही मशीनवरची आहे. मला याचं फार कौतुक वाटतं, कारण २०१० ला पैठणीला जीआय (त्या भागाच्या मालाचं नाव राखून ठेवणारी सरकारी नोंदणी) मिळालं तरी आजही मशीनची साडी हातमागाची म्हणून सर्रास खपवतात आणि त्यात मार बसतो तो विणणाऱ्याच्या मजुरीला. किमती कमी नाहीत, घासाघीस करू नका प्लीज.

आता तो अर्धा मार्क. डिझाईन तेच ते, मोर, पोपट, आसावली (फुलांची वेल), कमळ. सगळं सुंदरच आहे पण नवीन रंगसंगती सुचवली की "गिऱ्हाईक हेच मागतं" म्हणून विषय संपतो. फोटो कसा काढायचा, ऑनलाईन ऑर्डर कशी घ्यायची, भाव कसा लावायचा हे कोणी शिकवत नाही, आणि पुढं स्वतःचा माग टाकायचा असेल तर हे यावंच लागतं, नाहीतर जन्मभर दुसऱ्याच्या मागावर. हिशोबाची वही जशी दाखवतात तसं हे पण शिकवलं तर किती पोरी इथंच टिकतील. एक वाटतं ते सांगते, आमच्या जालन्यात रेशीम कोषाचं मार्केट आहे, मराठवाड्यात रेशीमकिड्यांसाठी एवढी तुती लावतात, आणि इथं मागावरचा धागा मात्र बंगळूरकडून येतो. इथलंच रेशीम इथल्या मागावर आलं पाहिजे राव.

बाकी, आतल्या मागांवर उजेड कमी आहे, लाईट गेली की बारीक काम बंदच. बाहेरगावच्या मुलींना खोली स्वतः शोधावी लागते, काकू ओळखीनं मदत करतात. संभाजीनगरवरून एसटी भरपूर आहेत, तास-दीड तास लागतो.

जाणार असाल तर सकाळी जा, माग चालू असतात. फाल्गुनात नाथषष्ठीला जाऊ नका, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. शिकायला जाणाऱ्यांनी आधार आणि बँक पासबुक न्या, विणकर ओळखपत्राचा अर्ज कसा करायचा ते तिथंच विचारून घ्या, पुढं विणकर मुद्रा लोनला, म्हणजे विणकरांसाठीच्या सरकारी योजनेतल्या कर्जाला, ते लागतं. आणि घरच्यांपैकी कोणालातरी सोबत न्या, ती वही त्यांनी पण बघू द्या.