अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना: नोकरी गेल्यावर काही महिने वापरून झालेलं मत

निकाल आधीच सांगतो. नोकरी गेल्यावर या योजनेतून पैसे मिळतात, थेट खात्यात येतात, मध्ये एजंट लागत नाही. पण रक्कम घर चालवण्याइतकी नाही. शिवाय ती मिळणार की अडणार, हे बरंचसं कंपनीने शेवटच्या महिन्यात तुमच्या नावापुढे काय नोंदवलं यावर ठरलेलं असतं. फॉर्म भरणं हा सगळ्यात सोपा भाग.

योजना 1 जुलै 2018 पासून आहे. ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा महामंडळात) विमा असलेल्यांसाठी, म्हणजे ज्यांचा पगार 21,000 रुपयांच्या मर्यादेत आहे आणि पगारातून 0.75 टक्के ईएसआय कापला जातो त्यांच्यासाठी. मुळात सरासरी रोजच्या पगाराच्या 25 टक्के मिळायचे आणि त्यासाठी नोकरी जाऊन 90 दिवस व्हावे लागायचे. 2020 मध्ये ते 50 टक्के आणि 30 दिवस झालं. ही सवलत तेव्हापासून मुदतवाढ देत देत चालवली आहे, त्यामुळे अर्जाआधी सध्याची मुदत ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात विचारून घ्यावी. मिळतात जास्तीत जास्त 90 दिवसांचे पैसे, तेही आयुष्यात एकदाच. म्हणून दीड महिन्यात दुसरी नोकरी लागायची खात्री असेल तर दावा लगेच करायचा की राखून ठेवायचा, याचा विचार जरूर करा.

आता हिशेब, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. "निम्मा पगार" असं सगळीकडे ऐकू येतं, पण निम्मं धरतात ते मागच्या चार अंशदान काळांच्या एकूण पगाराला 730 ने भागून. अंशदान काळ सहा महिन्यांचा: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. 18,000 पगारावर सलग 24 महिने भरणा असेल तर 4,32,000 भागिले 730, म्हणजे रोज सुमारे 592. त्याचे निम्मे 296 आणि 90 दिवसांचे साधारण 26,600. पण त्याच पगारावर 24 पैकी 14 महिन्यांचाच भरणा दिसत असेल, तरी भागायचं 730 नेच. मग रोज साधारण 173 रुपये पडतात आणि एकूण 15,500 च्या आसपास. मधल्या रिकाम्या महिन्यांची किंमत अशी मोजावी लागते.

पात्रतेसाठी दोन वर्षं विमापात्र नोकरी हवी. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या अंशदान काळात किमान 78 दिवसांचा भरणा हवा आणि दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका काळातही 78 दिवस हवेत. नोकरी मे महिन्यात गेली असेल तर बघायचा काळ ऑक्टोबर ते मार्च, एप्रिल-मे नव्हे. ईएसआयसीच्या पोर्टलवर लॉगिन करून महिनावार भरणा बघता येतो. पगाराच्या स्लिपवर कपात आहे म्हणजे भरणा झाला असं समजू नका. दोन्ही शेजारी ठेवून दिवस ताडून बघा. कंपनीने हजेरीचे दिवस कमी दाखवले असतील तर ते इथेच सापडतं.

अडकण्याच्या जागा मुख्यतः तीन. पहिली, दोन विमा क्रमांक. नवीन कंपनी जुना दहा आकडी क्रमांक न विचारता सरळ नवा काढते. मग भरणा दोन ठिकाणी विभागला जातो आणि दोन वर्षं पूर्ण असूनही दिसत नाहीत. क्रमांक एकत्र करायचा अर्ज नोकरीत असतानाच द्यावा, नंतर एचआर फोन उचलत नाही. दुसरी, पगारवाढ. अंशदान काळाच्या मध्येच पगार 21,000 च्या वर गेला तर तो काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, पुढच्या काळापासून तुम्ही विम्याच्या बाहेर. त्यानंतर नोकरी गेली की या योजनेतून काही नाही. वाढ मिळाल्याचा आनंद करताना हे कुणी सांगत नाही.

तिसरी जागा सगळ्यात वाईट, ती म्हणजे नोकरी सुटल्याचं कारण. स्वतःहून राजीनामा दिला, निवृत्त झालात किंवा गैरवर्तनासाठी काढलं, तर लाभ नाही. आणि नोकरकपात करताना कंपन्या हटकून म्हणतात, "राजीनामा द्या, म्हणजे रेकॉर्ड स्वच्छ राहील." रेकॉर्ड स्वच्छ राहतं ते कंपनीचं. काम कमी झाल्याने किंवा कपातीमुळे सेवा संपवत आहोत, असं लेखी पत्र मागा. निदान ईमेलवर तरी तसं वाक्य येऊ द्या. कंपनी मासिक भरण्यात शून्य दिवस दाखवताना एक कारणही निवडते. तिथे 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली) वेगळं आणि 'रिट्रेंचमेंट' (नोकरकपात) वेगळं. पत्रात एक आणि तिथे दुसरंच असेल तर पडताळणीत प्रश्न येणारच. शेवटच्या कामाची तारीखही पत्रात, ईएसआयमध्ये आणि पीएफमध्ये एकच असू द्या.

अर्जासाठी कंपनीच्या हातापाया पडावं लागत नाही, ही 2020 च्या बदलांतली खरी सोय. विमाधारकाच्या लॉगिनमधून दावा भरायचा, आधार आणि बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक जोडायचा. स्कॅन अपलोड झाले नाहीत तर सही केलेली प्रिंट आणि कागद शाखा कार्यालयात द्यायचे. पोच घेतल्याशिवाय निघू नका. शपथपत्राची अट काढलेली आहे, तरी बाहेर टायपिंगवाले स्टॅम्प पेपर काढायला लावतात. पुढच्या दिवसांचा आगाऊ दावा चालत नाही, झालेल्या बेरोजगारीचाच करायचा. मध्येच नोकरी लागली तर त्या तारखेपर्यंतचे पैसे मिळतात, म्हणून रुजू झाल्याची तारीख लपवू नका. नव्या कंपनीचा भरणा त्याच क्रमांकावर दिसतो. नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत दावा गेला पाहिजे. या काळात ईएसआयची वैद्यकीय सेवा चालू राहते. माझ्या मते घरात कुणाचं औषधपाणी चालू असेल तर रोख रकमेपेक्षा ह्याचा उपयोग जास्त.

कारखानाच बंद पडला किंवा कायदेशीर रिट्रेंचमेंट झाली असेल तर आधी ईएसआयसीचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना विचारा. त्यात पहिले 12 महिने पगाराच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के आहेत. कुणी आपणहून सांगेल याची वाट पाहू नका.

हातात खरी रक्कम येते ती पीएफमधून, आणि तिथे घाई महागात पडते. जुन्या नियमात एक महिना बेरोजगार राहिल्यावर 75 टक्के आणि दोन महिन्यांनी उरलेले काढता यायचे. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने 75 टक्के लगेच, उरलेले 25 टक्के 12 महिन्यांनी आणि पेन्शनची रक्कम 36 महिन्यांनी असा बदल ठरवला. अर्ज करताना पोर्टलवर कोणता पर्याय उघडतो ते बघूनच महिन्यांचा हिशेब मांडा. कंपनीने एक्झिटची (नोकरी सुटल्याची) तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीने ती स्वतः टाकता येते. एकदा टाकली की स्वतः बदलता येत नाही, तेव्हा आधी पत्रातली तारीख समोर ठेवा. सेवा पाच वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम 50,000 किंवा जास्त असेल तर 10 टक्के टीडीएस कापतात. वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर टीडीएस कापू नये यासाठीचं घोषणापत्र (15जी किंवा त्याच्या जागी आलेला फॉर्म) जोडा. पॅन जोडलेला नसेल तर कपात याहून जास्त.

"बेरोजगारी भत्ता, दरमहा इतके" अशा व्हॉट्सॲपवरच्या लिंका यातल्या कशाशीही संबंधित नाहीत. दावा करायला फी नाही आणि ओटीपी कुणाला सांगायचा नाही.

नवी नोकरी लागली की रुजू होण्याच्या दिवशीच जुना विमा क्रमांक आणि यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) लेखी द्या आणि पहिल्या पगारानंतर दोन्ही पोर्टलवर भरणा त्याच क्रमांकांवर आला का, ते बघा.