चार फुटी टाकीचं पाणी आता बादलीशिवाय बदलतं, वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आम्ही हॉलमधल्या फिश टँकला पाइपलाइन करून घेतली, त्याला आता वर्ष होईल, आणि मधल्या काळात घरी जो कोणी आला त्याने हेच विचारलं की खर्च किती आला, गळत नाही का, मासे दगावत नाहीत का. तर एकदाच सगळं सविस्तर लिहिते, ज्यांच्याकडे मोठी टाकी आहे त्यांना उपयोगी पडेल.

आमची टाकी चार बाय दीड बाय दीड फूट, काठोकाठ भरली तर २५५ लिटर. चार एंजल, आठ कोरी, वीसेक निऑन टेट्रा आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या नेराइट गोगलगायी. टाकी मुळात बाबांची, मी कॉलेजात होते तेव्हापासूनची, आणि बाबा दर रविवारी सकाळी न चुकता पाणी बदलायचे. सत्तर-बाहत्तर लिटर काढायचं म्हणजे पंधरा लिटरच्या पाच बादल्या बाहेर आणि पाच आत, हॉल ते ड्राय बाल्कनी अशा दहा फेऱ्या, मधे स्वयंपाकघर, आणि शेवटी सगळीकडची फरशी पुसायची. मग बाबांच्या मणक्याचं दुखणं सुरू झालं, डॉक्टरांनी वजन उचलायला साफ मनाई केली, आणि काम माझ्याकडे आलं.

मी काय केलं तर आठवड्याचं पंधरा दिवसांवर नेलं, पंधरा दिवसांचं महिन्यावर. मासे लगेच मरत नाहीत ना, त्यामुळे चालून जातंय असं वाटतं. पण नायट्रेटची टेस्ट केली की नळीत आधी फिकट केशरी रंग यायचा तो लालभडक यायला लागला, आणि एंजल वरचा पंख मिटून फिल्टरच्या मागे उभे राहायला लागले. हे का होतं ते थोडक्यात सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं फिल्टर आहे म्हणजे पाणी स्वच्छ. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, मग नायट्राइटचा नायट्रेट, आणि आपल्या साध्या फिल्टरचं काम तिथे संपतं. थोडा नायट्रेट झाडं खातात, बाकीचा साठतच जातो, तो पाण्याबरोबरच बाहेर काढावा लागतो. म्हणजे बादली उचलायचा कंटाळा केला की त्याची किंमत मासे मोजतात, आणि बाबा समोर खुर्चीत बसून ते बघत होते, काही बोलत नव्हते. ते मला फार लागलं.

मग शोधाशोध केली. अमेरिकेत लोक पायथन नावाचा लांब पाइप वापरतात, तो नळाला जोडायचा, नळाच्या धारेनेच टाकीतलं पाणी ओढलं जातं आणि नंतर त्याच पाइपने भरायचं. कल्पना चांगली आहे पण त्याला नळाला दाब लागतो, आम्ही वरच्या मजल्यावर, गच्चीतली टाकी डोक्यावरच, दाब नावालाच. शिवाय ओढून घ्यायला नळ सतत चालू ठेवायचा म्हणजे तितकं चांगलं पाणी मोरीत सोडायचं, पुण्यात राहून ते मनाला पटत नाही. दुसरा पर्याय पूर्ण ऑटोमॅटिक, म्हणजे टायमर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडबंद होणारा कॉक) लावून नळाची लाइन थेट टाकीला. तो मी पहिल्या दिवशीच बाद केला. एक तर नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, आणि दुसरं म्हणजे व्हॉल्व्ह एकदा अडकला की नळाला अंत नाही, घरभर पाणी आणि खालच्यांच्या छतातून गळती.

आम्ही केलं ते मधलं. पाणी पाइपने जातं, पाइपने येतं, पण कॉक माणसाने उघडायचा आणि माणसाने बंद करायचा.

रचना अशी आहे. ड्राय बाल्कनीत शंभर लिटरचा निळा ड्रम, त्याला वॉशिंग मशीनच्या नळातून लाइन, आत बॉल कॉक, ऐंशी लिटरला पाणी आपोआप थांबतं. शनिवारी ड्रम भरायचा, हायपो (क्लोरीन घालवणारं औषध) टाकायचा आणि हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन सोडून ठेवायचा. ड्रममध्ये सबमर्सिबल पंप, पंपापासून पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप स्वयंपाकघराच्या स्कर्टिंगवरून टाकीपर्यंत, ही झाली भरायची लाइन. काढायची लाइन वेगळी, टाकीच्या काठावरून उलट्या यू सारखी आत उतरते, बाहेर स्टँडच्या मागून खाली आणि तशीच ड्राय बाल्कनीच्या नाहणी ट्रॅपपर्यंत. काचेला भोक पाडलेलं नाही. टफन ग्लास असेल तर भोक पाडायला जाल आणि अख्खी काच चुरा होईल, तो विषयच नको.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. काढायच्या पाइपचं आतलं तोंड पाण्याच्या पातळीखाली फक्त पंधरा-सोळा सेंटिमीटरवर ठेवलंय आणि त्याला जाळी आहे, निऑन ओढले जाऊ नयेत म्हणून. काचेवर तेरा सेंटिमीटरवर हिरवी टेप लावली आहे. आमच्या टाकीत तेरा सेंटिमीटर म्हणजे बहात्तर-त्र्याहत्तर लिटर. पाणी टेपला आलं की कॉक बंद करायचा, पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या रविवारी कॉक उघडला की सायफन, म्हणजे भरलेल्या पाइपातून पाणी आपल्याच वजनाने काठावरून खाली ओढलं जाणं, लगेच चालू, तोंडाने ओढायची गरज नाही. आणि समजा फोन आला, दार वाजलं, विसरलात, तर अजून दोन-तीन सेंटिमीटर जाऊन पाइपचं तोंड उघडं पडतं, हवा शिरते आणि सायफन आपोआप तुटतो. टाकी रिकामी होऊच शकत नाही. भरतानाही तसंच, ड्रममध्ये ऐंशीच लिटर, तळाचं चार-पाच लिटर पंप ओढत नाही, म्हणजे जितकं काढलं साधारण तितकंच जाणार. तरी टाकीला एक फ्लोट स्विच (पातळी वर आली की पंप बंद करणारा) लावलाय, तापकीर गल्लीतून आणला, पण तो नसता तरी फार तर दोन-तीन लिटर इकडेतिकडे झालं असतं. पाणी मोजूनच घेतलंय हा खरा भरवसा.

आता जे चुकलं तेही सांगते. काम एका ओळखीच्या प्लंबर काकांनी केलं, हात चांगला, सांधे एकदम स्वच्छ, वर्षात एकही जॉइंट गळला नाही. पण त्यांनी पहिल्यांदा काढायची लाइन अर्धा इंचीच टाकली, सगळीकडे अर्धा इंचीच टाकतो म्हणाले. सायफनला मागून मोटरचा जोर नसतो, वीसेक फूट आडवा पाइप आणि फक्त साडेतीन फुटांचा उतार, त्यात अर्ध्या इंचातून बहात्तर लिटर जायला दहा-बारा मिनिटं लागायची. पाऊण इंची करून घेतल्यावर तेच पाच मिनिटांच्या आत होतं. तेव्हा सुरुवातीलाच पाऊण इंच सांगा, पैशात फरक किरकोळ आहे. दुसरं, त्यांनी पितळी बॉल व्हॉल्व्ह आणले होते. पितळेत तांबं असतं, आणि तांबं गोगलगायी-झिंग्यांना सोसत नाही, काही मिनिटांच्या वाहत्या पाण्याने कदाचित काही झालंही नसतं पण मला धोका नको होता, प्लॅस्टिकचे बसवून घेतले. सॉल्व्हंट सिमेंट लावल्यावर पूर्ण एक दिवस वाळू दिलं आणि दोन ड्रम पाणी नुसतं पाइपातून सोडून टाकलं, मगच माशांना दिलं.

पहिल्या रविवारी पंप बंद केला आणि ड्रममधून गुळगुळ आवाज यायला लागला. मला वाटलं उरलेलं पाणी खाली बसतंय, पण बघते तर टाकीची पातळी खाली चाललेली. भरायच्या पाइपचं तोंड पाण्यात बुडलेलं, ड्रम खाली, त्यामुळे तोच पाइप उलटा सायफन झाला आणि टाकीचं पाणी ड्रममध्ये परत. इलाज अगदी साधा निघाला, टाकीच्या आतल्या पाइपला पाण्याच्या जरा वर दोन मिलिमीटरचं भोक पाडलं, पंप थांबला की तिथून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. पंप चालू असताना त्या भोकातून एक बारीक चिळकांडी काचेवर उडते तेवढंच. शेवाळाने ते भोक बुजतं, महिन्यातून एकदा टाचणी फिरवायची, हे विसरू नका.

आणि एक चूक माझी, ती मात्र गंभीर होती. पंप चालू करण्याआधी ड्रमकडे येणारा नळ बंद करायला विसरले. ड्रममधलं पाणी कमी झालं तसा बॉल कॉक उघडला आणि नळाचं ताजं क्लोरीनवालं पाणी ड्रममधून थेट टाकीकडे निघालं. बाबांनी नळाचा आवाज ओळखला म्हणून मिनिटभरात थांबवलं. तेव्हापासून क्रम कागदावर लिहून ड्रमवर चिकटवलाय, पहिली ओळ नळ बंद, दुसरी हीटर बंद. पाणी उतरल्यावर गरम हीटर उघडा पडला तर काच तडकते, म्हणून हीटर, फिल्टर, पंप सगळं एकाच बोर्डवर घेतलंय, त्याला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे, आणि प्रत्येक वायरला बोर्डच्या खाली एक झोळ ठेवलाय म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी बोर्डात न जाता खाली टपकेल.

पंपाबद्दल, डब्यावर तासाला २५०० लिटर लिहिलंय, प्रत्यक्षात आमच्याकडे पंचाहत्तर लिटरला सात मिनिटं लागतात, म्हणजे तासाला साडेसहाशेच्या आसपास. उंची आणि पाइपची लांबी यात निम्म्याहून जास्त जातं, तेव्हा घेताना लिटर बघण्याआधी पंप किती मीटर चढवतो ते बघा. आमच्यासाठी हा वेग बरोबर आहे, पाइपच्या टोकाला आडवी भोकांची नळी लावली आहे त्यामुळे वाळू उडत नाही, आणि नवीन पाणी यायला लागलं की आठही कोरी त्या धारेत येऊन उलट्या दिशेने पोहत राहतात, ते बघायला बाबा खुर्ची पुढे ओढून बसतात.

ऋतूप्रमाणे थोडं बदलावं लागतं. थंडीत ड्रमचं पाणी एकोणीस डिग्री आणि टाकीत सव्वीस, म्हणून डिसेंबर-जानेवारीत आदल्या रात्री ड्रममध्येच एक हीटर टाकते, थंड पाण्याने माशांना व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) आला तर महिनाभर निस्तरत बसावं लागतं. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं आणि क्लोरीनचा वास जास्त येतो, मग ड्रम एक दिवसाऐवजी दोन दिवस आधी भरते. गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारचं पहिलं पाणी ड्रममध्ये अजिबात घेत नाही. मे महिन्यात सोसायटीत टँकर आले तेव्हा एरवी सव्वाशेच्या आसपास असणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) माझ्या मीटरवर सहाशेच्या वर गेला, त्या तीन आठवड्यांत फक्त वीस-वीस लिटर बदललं. ड्रम असल्याचा हा मोठा फायदा, पाणी माशांना देण्याआधी तपासायला वेळ मिळतो, थेट नळ जोडला असता तर कळलंही नसतं.

काढलेलं पाणी वाया जात नाही. नाहणी ट्रॅपच्या आधी एक टी आणि कॉक काढून घेतलाय, तिथून बादल्या भरून कढीपत्ता, जास्वंद आणि मोगऱ्याला, नायट्रेट झाडांना खतच आहे, उरलेलं फ्लशला. जास्वंद यंदा अशी फुललीय की आई शेजारी परडी पाठवते.

खर्च सगळा धरून ५,८०० रुपये आला. त्यात ड्रम, पाइप आणि फिटिंग रविवार पेठेत बोहरी आळीतून आणलं, पंप, फ्लोट स्विच, मजुरी, आणि अर्ध्या इंचाचं काढून परत केलं त्याचे सातशे, ते काकांनी घ्यायला नको होते असं माझं अजूनही मत आहे, कारण पाण्याला किती वेळ लागायला हवा ते मी आधीच सांगितलं होतं.

एक गोष्ट यात होत नाही, तळाची घाण निघत नाही. पाइप वरचंच पाणी घेतो, वाळूत बसलेला गाळ तसाच राहतो. त्यासाठी महिन्यातून एकदा वेगळा पाइप घेऊन वाळू फिरवावीच लागते, ते मी करते. यू पाइपच्या वरच्या वाकणात आठवडाभरात हवेचे बुडबुडे जमतात, कधीकधी सायफन लगेच धरत नाही, म्हणून तिथे एक छोटा कॉक ठेवलाय, सिरिंजने हवा ओढून घ्यायची.

आता रविवारी सात वाजता बाबा स्वतः पाणी बदलतात. कॉक उघडतात, टेपकडे बघत बसतात, कॉक बंद, पंप चालू, वीस मिनिटांत सगळं आटपतं आणि टाकीसाठी एकही बादली उचलावी लागत नाही. वर्षात दोनच रविवार चुकले, दोन्ही वेळा आम्ही गावाला होतो. नायट्रेटची नळी परत फिकट केशरीवर आलीय, आणि एप्रिलमध्ये एंजलच्या एका जोडीने फिल्टरच्या पाइपवर अंडी घातली.

आतल्या खोलीत दोन फुटी टाकी आहे, तिलाही याच लाइनवरून टी काढून जोडायचंय. प्लंबर काका दिवाळीनंतर येतो म्हणालेत, पाऊण इंचाचंच बोलून ठेवलंय, तोपर्यंत त्या टाकीला बादली.