ग्लीसनच्या 1892 च्या नकाशाचं पोस्टर: भिंतीवर छान, पुरावा म्हणून फुसकं

सपाट पृथ्वीवाल्यांच्या व्हिडिओत मागच्या भिंतीवर हमखास टांगलेला गोल नकाशा असतो. मधोमध उत्तर ध्रुव, भोवती पसरलेले खंड आणि कडेला अंटार्क्टिकाचं पांढरं कडं. मूळ नकाशा अलेक्झांडर ग्लीसन या अमेरिकेतल्या बफेलो शहरच्या गृहस्थाचा, 1892 सालचा. आता त्याची पोस्टरं ऑनलाइन सर्रास मिळतात आणि वर्णनात बहुतेक विक्रेते ‘पृथ्वीचा खरा नकाशा’ असं काहीतरी ठोकून देतात. हे परीक्षण त्या पोस्टरचं. विकत घ्यायचं झालं तर काय बघून घ्यावं, आणि घेतल्यावर त्याच्याशी काय काय करता येतं, दोन्ही.

आधी माल. लहान आकाराची प्रत घेऊच नये. मूळ नकाशावर बारीक अक्षरांची गर्दी आहे. लहान छपाईत गावांची नावं आणि कडेच्या वर्तुळावरचे तासांचे आकडे मुंग्यांसारखे दिसतात. 24 बाय 36 इंचांची प्रत असेल तर वाचता येतं. घडी घालून पाठवणाऱ्यापेक्षा गुंडाळी करून नळीत पाठवणारा विक्रेता बरा, कारण घडीची रेघ नेमकी मधून, म्हणजे ध्रुवावरून जाते आणि पुढची सगळी मापं तिथूनच घ्यायची असतात. चकचकीत लॅमिनेशन टाळा. त्यावर पेन्सिल उमटत नाही आणि ट्यूबलाइटचा पट्टा पडतो.

सगळ्यांत नेहमीचा दोष वेगळाच. कागदाच्या मापात बसवायला छापणारे मूळ प्रतिमा एका बाजूने ताणतात आणि वर्तुळाचं अंडं होतं. पोस्टर हातात आलं की फूटपट्टीने विषुववृत्ताचा व्यास आडवा आणि उभा मोजावा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर सरळ परत करा. खरं तर विकत घ्यायचीही गरज नाही. नकाशावरचा प्रताधिकार कधीच संपलाय आणि बॉस्टन पब्लिक लायब्ररीच्या नकाशा-संग्रहातली स्कॅन प्रत मोठ्या आकारात उतरवून घेता येते. ती जवळच्या डिजिटल प्रिंटवाल्याकडे मॅट कागदावर काढून घ्या आणि त्याला ‘फिट टू पेज’ करू नको म्हणून बजावून सांगा.

आता नकाशा. ग्लीसन स्वतः पृथ्वी सपाट मानणारा होता, पण 1893 मध्ये त्याला जे पेटंट मिळालं ते ‘टाइम-चार्ट’ म्हणून, म्हणजे जगभरच्या वेळा काढायचा तक्ता म्हणून. त्यातल्या मजकुरात त्यानेच लिहून ठेवलंय की पृथ्वीगोलावरची रेखावृत्तं सरळ करून हा नकाशा बनवलाय. म्हणजे हे गोलाचंच प्रक्षेपण, गोल पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवायची एक रीत. ध्रुवापासूनची अंतरं त्यात बरोबर येतात, आडवी अंतरं ताणली जातात. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हातही हेच प्रक्षेपण आहे, म्हणून ती संघटना काही पृथ्वी सपाट आहे असं सांगत नाही.

वेळेचा तक्ता म्हणून पोस्टर खरंच कामाचं आहे. 15 रेखांशांना एक तास, एका रेखांशाला 4 मिनिटं. आपली प्रमाणवेळ 82.5 अंशांची. मुंबई 72.85 वर, म्हणजे 9.65 अंश मागे; गुणिले 4, सुमारे 39 मिनिटं. मुंबईत सूर्य आकाशात सर्वांत उंच असतो तेव्हा घड्याळात सरासरी 12 वाजून 39 मिनिटं झालेली असतात. नागपुरात 12:14. ‘दुपारी बाराला सूर्य डोक्यावर’ हे आपल्याकडचं ठाम मत इथंच निकालात निघतं. वर्षभरात या वेळेत आणखी पाव तासाचा फरक पडतो: फेब्रुवारीत मुंबईची माध्यान्ह 12:53 च्या आसपास, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:22.

आता पोस्टरला कामाला लावू. लागणारं सामान: थर्मोकोल किंवा सॉफ्टबोर्ड, टाचण्या, न ताणणारा शिवणाचा दोरा, फूटपट्टी, कोनमापक, एक स्ट्रॉ आणि एक मणी. पोस्टर बोर्डावर सपाट बसवा. केंद्रापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर मोजा. ते 13.5 सेंटिमीटर भरलं असं धरू. म्हणजे एका अंशाला दीड मिलिमीटर आणि 1 सेंटिमीटरला 741 किलोमीटर. तुमच्या प्रतीत वेगळं भरलं तर त्या प्रमाणात आकडे बदला. कंपासने दोन वर्तुळं काढा: 10 सेंटिमीटर त्रिज्येचं कर्कवृत्त आणि 17 सेंटिमीटरचं मकरवृत्त. छापील वृत्तांवर ती बसत नसतील तर छपाई ताणलेली आहे, हे आणखी एकदा कळेल.

पहिलं माप मुंबई–दिल्ली. दोरा भरतो 1.6 सेंटिमीटर, म्हणजे 1,200 किलोमीटर. प्रत्यक्षात हवाई अंतर 1,150. वा! इथंच माणूस फसतो. उत्तर गोलार्धात उभी अंतरं घेतलीत तर हा नकाशा फारसा खोटं बोलत नाही. मुंबई–कोलकाता घेतलंत की 1,650 चे 2,100 होतात, तरी माणूस म्हणतो, असेल, दोरा नीट धरला नसेल. दक्षिणेकडे जावं लागतं. पर्थ ते सिडनी: दोरा 11.2 सेंटिमीटर, म्हणजे 8,300 किलोमीटर, प्रत्यक्षात 3,300. ऑस्ट्रेलिया आडवा अडीचपट फुगलेला आहे.

आणि सिडनी ते चिलीची राजधानी सान्तियागो. दोन्ही शहरं साधारण 33–34 अंश दक्षिणेला, दोघांमध्ये थेट विमान आहे आणि त्याला सुमारे साडेबारा तास लागतात. पोस्टरवर दोरा ताणा: 34.6 सेंटिमीटर, म्हणजे साडेपंचवीस हजार किलोमीटरहून जास्त. भागाकार केला की विमानाचा वेग ताशी 2,050 येतो. प्रवासी विमान ताशी 900 च्या आसपास उडतं. दोरा कुठून जातोय तेही बघा: उत्तर पॅसिफिकमधून आणि थेट अमेरिकेच्या भूमीवरून! गोलावर हाच दोरा 60 अंश दक्षिणेच्याही खाली, अंटार्क्टिकाच्या बाजूने जातो आणि अंतर भरतं 11,300 किलोमीटर. 30 सेंटिमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर हे साधारण 26.7 सेंटिमीटर येतं.

आता सूर्य, कारण पोस्टर विकलं जातं ते मुख्यतः त्यासाठी. सपाट पृथ्वीवाल्यांचं म्हणणं असं की सूर्य नकाशाच्या वर टॉर्चसारखा गोल गोल फिरतो, जूनमध्ये आतल्या वर्तुळावरून, डिसेंबरमध्ये बाहेरच्या. उंची बहुधा तीन हजार मैल सांगतात, म्हणजे सुमारे 4,800 किलोमीटर. आपल्या मापात ती 6.5 सेंटिमीटर. तेवढी स्ट्रॉ कापा, टोकावर मणी चिकटवा. हा झाला सूर्य.

21 मार्चची संध्याकाळ घ्या. सूर्य विषुववृत्तावर, मुंबईच्या 90 अंश पश्चिमेला, म्हणजे 17 पश्चिम रेखांशावर. स्ट्रॉ तिथं उभी करा. मुंबईवर टाचणी मारा (केंद्रापासून 10.65 सेंटिमीटर). मुंबईपासून स्ट्रॉच्या बुडापर्यंत 17.2 सेंटिमीटर भरतात. मुंबईपासून मण्यापर्यंत दोरा ताणून त्याचा कागदाशी कोन मोजा: 21 अंश. हात ताणून मूठ धरली तर ती साधारण 10 अंशांची असते. म्हणजे मावळायच्या वेळी सूर्य क्षितिजाच्या दोन मुठी वर लटकलेला. मावळणार कधी? उंची कमी करून बघा म्हणाल तर तेही करा. सूर्य 450 किलोमीटरवर आणला की संध्याकाळी तो दोन अंशांवर येतो खरा, पण मग त्याच दिवशी दुपारी मुंबईत तो 71 ऐवजी जेमतेम 12 अंशांवर दिसेल. एक भोक बुजवलं की दुसरं पडतं.

उंचीवरून वाद घालणारे दिशेला मात्र अडतात, कारण दिशेत उंचीचा प्रश्नच येत नाही. मुंबईपासून केंद्राकडे जाणारी रेघ म्हणजे उत्तर. तिला काटकोनात डावीकडे पश्चिम. 21 मार्चच्या स्ट्रॉचं बूड पश्चिमेच्या 38 अंश उत्तरेला येतं, म्हणजे जवळजवळ वायव्येला. आता गच्चीवर जाऊन बघा: विषुवदिनाला सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो. डिसेंबरचं तर याहून मजेशीर. 21 डिसेंबरच्या मावळतीसाठी स्ट्रॉ मकरवृत्तावर, मुंबईच्या 81 अंश पश्चिमेला ठेवा. नकाशा सांगतो सूर्यास्त पश्चिमेच्या 26 अंश उत्तरेला. आकाश दाखवतं 25 अंश दक्षिणेला. थोडाथोडका नाही, 50 अंशांचा घोळ, तोही उलट बाजूला.

हे प्रत्यक्ष बघताना फोनच्या होकायंत्रावर फार विसंबू नका. गच्चीवरच्या लोखंडी कठड्याशेजारी ते वाटेल ते दाखवतं. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे साधं होकायंत्र लोखंडापासून दूर धरलं तर चालतं. त्याहून भरवशाची आपली जुनी शंकूची पद्धत. सपाट जागी एक काठी ओळंब्याने सरळ उभी करा, बुडाभोवती वर्तुळ आखा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकेल तिथं खूण आणि दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथं दुसरी. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. काठी कललेली असली की रेघ बिघडते, बाकी चूक होण्यासारखं काही नाही. विषुवदिनाच्या सुमारास मावळतीची जागा रोज 0.4 अंशाने सरकते, तेव्हा दोन-चार दिवस ढग आले तरी निरीक्षण वाया जात नाही. ‘सूर्य रोज पूर्वेला उगवतो’ हेही याच रेघेवर तपासून घ्या. वर्षातले दोनच दिवस तो नेमका पूर्वेला असतो. मुंबईत एरवी पूर्वेच्या दोन्ही बाजूंना मिळून 50 अंशांचा झोका घेतो.

तिसरी तपासणी बिंबाच्या आकाराची. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि 2 मीटर मागे पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पाडा. सूर्याकडे थेट बघू नका, कागदाकडे बघा. बिंब 18 ते 19 मिलिमीटरचं येतं. माध्यान्हीला मोजा, मावळतीच्या अर्धा तास आधी पुन्हा मोजा. कागद दोन्ही वेळा किरणांना काटकोनात धरायचा, नाहीतर बिंब लांबट होतं आणि मोजमाप फसतं. पोस्टरवरच्या सूर्याचं अंतर संध्याकाळपर्यंत अडीचपटीहून वाढतं, त्यामुळे बिंब सात मिलिमीटरचं व्हायला हवं. होत नाही. ‘दूर गेल्यामुळे तो खाली गेलेला भासतो’ हे ठरलेलं उत्तर इथं चालत नाही. दूर जाणारी वस्तू खाली दिसण्याआधी लहान दिसते.

दक्षिणेच्या टोकाला काय होतं ते डिसेंबर 2024 मध्ये लोकांनी जाऊन पाहिलं. अमेरिकेतले पाद्री विल डफी यांनी सपाट पृथ्वीचे काही प्रचारक आणि काही विरोधक अंटार्क्टिकातल्या युनियन ग्लेशियरला नेले. तिथं सूर्य 24 तास न मावळता आकाशात फिरताना दिसला. जेरन कॅम्पानेला या नावाजलेल्या प्रचारकाने ते कॅमेऱ्यासमोर कबूल केलं. पोस्टरवर त्या जागेला चोवीस तास ऊन द्यायचं तर सूर्याला एकाच वेळी पूर्ण कडेवर पसरावं लागेल.

पोस्टरचा अजून एक उपयोग आहे, त्याबद्दल विक्रेते बोलत नाहीत. कोणत्या दिवशी सूर्य कोणत्या अक्षवृत्तावर लंबरूप असतो याची नोंद त्यावर झकास होते. मणी 21 डिसेंबरला मकरवृत्तावर ठेवा. 14 जानेवारीला तो तीन मिलिमीटर आत सरकलेला असतो. म्हणजे संक्रांतीला उत्तरायण सुरू होत नाही, तेव्हा त्याला तीन आठवडे उलटून गेलेले असतात. मात्र ‘संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो’ म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत: मुंबईत सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच होत जातो, सकाळ लवकर व्हायला लागते ती त्यानंतर. मुंबईच्या अक्षवृत्तावर मणी येतो 15 मेच्या सुमारास आणि परतीच्या वाटेवर जुलैच्या 27-28 ला. तेच शून्य सावलीचे दिवस. मे महिन्यात 12:35 ला बाटली उभी करून ठेवा, सावली बुडाखाली जाते. जुलैत ढग.

शाळेसाठी घ्यावं का? एकटं घेऊ नये. शेजारी 30 सेंटिमीटरचा पृथ्वीगोल हवा आणि तो घेताना आस 23.5 अंश कललेली आहे ना, हे कोनमापकाने बघा. स्वस्त गोलांची कमान मनाला येईल तशी वाकवलेली असते. मुलांना एकच दोरा दोन्हीकडे लावू द्या, सिडनी ते सान्तियागो, आणि विमानाचे तास फळ्यावर लिहून ठेवा.

छपाईला पाचपैकी साडेतीन, वेळेच्या तक्त्याला चार. ‘खरा नकाशा’ या दाव्याला शून्य, आणि ते शून्य काढायला लागणारं सगळं माप त्याच कागदावर छापून येतं.