पीडीएफ थेट सोडावी की आधी फाईल करावी?

लासलगाव-पिंपळगावच्या आडत्यांच्या हिशेबपट्ट्या असोत की सातपूर-अंबडच्या कारखान्यांची चलनं, बिलिंगच्या वेब सॉफ्टवेअरमधून पीडीएफ द्यायच्या वाटा मुख्यतः दोन. एक तर स्क्रिप्टनं पानं तयार होतील तशी ब्राउझरकडे सोडायची, नाहीतर सर्व्हरवर पूर्ण फाईल लिहून मग तिची लिंक द्यायची.

थेट सोडण्यात सोय आहेच. डिस्कवर काही उरत नाही, कुणाचे हिशेब पडून राहत नाहीत. एका पानाची पावती मेमरीत पूर्ण करून, बाइट मोजून कन्टेन्ट-लेंग्थसह (म्हणजे उत्तर किती बाइटचं आहे हे सांगणाऱ्या हेडरसह) पाठवत असाल तर बदलायची घाई नको. फक्त मोजलेली लांबी जीझिप होण्याआधीची, म्हणजे सर्व्हरनं मजकूर दाबून लहान करण्याआधीची नसावी, नाहीतर ब्राउझर उरलेल्या बाइटची वाट पाहत बसतो.

खरा त्रास मोठ्या कागदाला होतो. महिन्याभराच्या पट्ट्यांचा एकत्र उतारा घ्या. पहिला बाइट बाहेर पडला, म्हणजे २०० हा ‘सगळं ठीक’ सांगणारा स्टेटसही गेला. चाळिसाव्या पानावर मेमरी संपली तर आता ५००, म्हणजे ‘सर्व्हरवर चूक झाली’ म्हणायची सोय नाही. ती फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा: सुरुवातीला %पीडीएफ अगदी व्यवस्थित, आणि शेवटी %%ईओएफ ही फाईल संपल्याची खूण हवी तिथे एररचा मजकूर चिकटलेला. कुठली वस्तू कितव्या बाइटवर आहे हे सांगणारा तक्ता सहसा शेवटीच असतो, तोच गायब. आडत्या म्हणतो फाईल उघडत नाही, सर्व्हरची विनंत्यांची नोंदवही, ॲक्सेस लॉग, म्हणते २००. शोध घ्यायचा कुठून? माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

फाईलच्या वाटेत हे आधीच पकडता येतं. टीएमपी अशा तात्पुरत्या नावानं लिहा, शेवट तपासा, मग डिस्कच्या त्याच पार्टिशनवर (भागावर) रीनेम करा. अर्धवट फाईल कुणाला दिसतच नाही. काही फसलं तर ‘उतारा तयार झाला नाही’ असं साधं पान दाखवा. जमलं तर पोस्टला (फॉर्म पाठवणाऱ्या विनंतीला) उत्तर म्हणून ३०३, म्हणजे ‘तिकडे बघा’ हा स्टेटस देऊन गेटच्या (नुसती फाईल मागणाऱ्या) लिंकवर पाठवा, म्हणजे रिफ्रेश केल्यावर तीच पट्टी पुन्हा बनत नाही. निफाडच्या रस्त्यावर मोबाईलचं नेटवर्क तुटलं तरी रेंज विनंतीनं, म्हणजे फक्त उरलेले बाइट मागून, डाउनलोड पुढे सुरू होऊ शकतं. दर वेळी नव्यानं बनणाऱ्या पीडीएफमध्ये निर्मितीची वेळ बदलते, बाइट जुळत नाहीत, म्हणून तिथे पहिल्यापासून सुरुवात.

फोल्डर मात्र वेबरूटच्या, म्हणजे ब्राउझरला थेट उघडता येणाऱ्या फोल्डरच्या, बाहेर हवं. लॉगिन आपल्या कोडनं तपासावं आणि फाईल एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्टनं द्यावी; या हेडरमधून आपला कोड त्याला कुठली फाईल द्यायची ते सांगतो. लांबी, ईटॅग (फाईल तीच आहे का हे ओळखायची खूण), रेंज एनजिनएक्स सांभाळतो. तासाभरापेक्षा जुन्या फायली क्रॉननं, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामानं, काढा. दोन सर्व्हर असतील तर फोल्डर दोघांना सामायिक ठेवा, नाहीतर एकावर बनलेली फाईल दुसऱ्याकडे मागितली जाऊन ४०४, म्हणजे ‘सापडली नाही’, येईल.