नोआटक की कोंगाकुट?

अलास्काच्या ब्रूक्स पर्वतरांगेतली एकच नदी होडीने करायची तर कोणती, असं विचाराल तर उत्तर बरंचसं महिन्यावर आहे. नोआटक आणि कोंगाकुट या दोन्ही नद्या मी केल्या आहेत.

कॅरिबूंसाठीच (उत्तर अमेरिकेतली रानटी रेनडिअर हरणं) जाणार असाल तर कोंगाकुट. त्यांचा पॉर्क्युपाइन नावाचा कळप (२०१७ ची मोजणी: २,१८,०००) विण्यासाठी किनारी मैदानात उतरतो. जूनअखेरीस पिल्लांसह चाललेल्या या मोठ्या कळपाशी याच खोऱ्यात गाठ पडू शकते. नोआटकच्या बाजूचा पश्चिम आर्क्टिक कळप २००३ साली ४,९०,००० होता, २०२३ मध्ये १,५२,००० उरला. शिवाय त्याचं दक्षिणेकडचं स्थलांतर अलीकडे उशिरा होतं, त्यामुळे ऑगस्टअखेरीस तो दिसेलच असं नाही. या बाबतीत कोंगाकुट सरस.

तरी मला ती पुन्हा करवणार नाही, आणि कारण आहे किनाऱ्याजवळच्या शेवटच्या टप्प्यातलं धुकं. ब्यूफोर्ट समुद्रावर बर्फ असताना तापलेल्या जमिनीकडे गार वारा सुटतो आणि सगळी किनारपट्टी पांढरी होते. परत न्यायला येणारं छोटं विमान नजरेच्या भरवशावर वाळूच्या पट्टीवर उतरणार. पट्टी दिसली नाही तर येतच नाही. मागे डोंगरावर लख्ख ऊन, आणि आपण तंबूत उरलेला शिधा मोजत बसलोय! किनाऱ्याच्या अलीकडे, कॅरिबू पास या ठिकाणीच प्रवास संपवला तर हे बरंचसं टळतं, पण मग डोंगर संपून मैदान उघडतं तो भागच हुकतो.

नोआटकलाही खोड आहे. समोरून येणारा पश्चिमेचा वारा दुपारी खांदे भरून आणतो आणि संथ पाण्यात वल्हं सोडायची सोय नाही. पण हवा बिघडली तरी आपण पुढे सरकत असतो. इगिकपाक शिखराजवळ उगम पावून सुमारे ६८० किलोमीटर वाहणारी ही नदी वरच्या अंगाला उघडी, झाडाविना आहे. तिथे कड्यांवर डॉल मेंढ्या (पांढऱ्या रानमेंढ्या), काठच्या वाळूत अस्वलांचे ताजे माग. स्प्रूसचं रान पार खाली लागतं. आणि सवड काढून इनुपियाट लोकांच्या नोआटक गावापर्यंत गेलात तर तिथून कॉट्झेब्यूला नेहमीची विमानं सुटतात, एकाच वैमानिकाची वाट पाहावी लागत नाही.

जूनमध्येच सुट्टी मिळणार असेल तर कोंगाकुट करा, फक्त परतीच्या तारखेपुढे मोकळे दिवस ठेवा. ऑगस्टचा उत्तरार्ध जमत असेल, डास ओसरलेले आणि बुटक्या बर्चचा उतार तांबडा झालेला, तर मी नोआटकच सुचवेन.