क्लिपचे माइक: पुढच्या एक्सलमधला पक्षी शोधताना

सव्वा महिना गाडी पुढून चिरकत होती. वेग वीसच्या खाली आणि रस्ता सरळ असला की चिर्र-चिर्र-चिर्र, अगदी पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखी. वेग वाढला की टायरच्या आवाजात सगळं विरून जायचं. एका मेकॅनिकने चक्कर मारून उजव्या चाकाचं बेअरिंग बदललं. बेअरिंग नवं, पक्षी तोच. चूक माझीही आहे. बेअरिंग गेलं असेल तर ते चिरकत नाही, घूं करतं, आणि गाडी डावीकडे वळवली की वजन उजव्या चाकावर येऊन उजवीकडचं घूं वाढतं. माझ्या गाडीत ना घूं होतं, ना वळणावर काही फरक. तरी मी मान डोलावली.

त्यानंतर हा संच घेतला. चार दातेरी क्लिपा, प्रत्येकीत एक माइक, लांब वायरी, कमरेला लटकवायचा डबा आणि हेडफोन. डब्यावरचं बटण फिरवून कोणती क्लिप ऐकायची ते ठरवायचं. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून ऐकण्याचीच ही सुधारलेली आवृत्ती. फरक इतकाच की हे चालत्या गाडीत, भार असताना ऐकता येतं. जॅकवर चाक हाताने फिरवलं तर अर्धे आवाज गप्प बसतात.

वायरी बांधण्यात पहिला तास गेला. शाफ्ट आणि चाकापासून लांब, दर वीतभर अंतरावर टाय मारून बांधा, नाहीतर वायर गुंडाळली गेलीच म्हणून समजा. क्लिप धातूच्या कडेला घट्ट बसली पाहिजे. मी पहिली क्लिप चिखल न पुसता लावली आणि दहा मिनिटं चिखलच ऐकला.

गाडी वहिनीने चालवली, ऐकायला मी. दोन्ही नकलवर (चाकाचं बेअरिंग धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) एकेक क्लिप, तिसरी पुढच्या डिफरन्शियलच्या (पुढच्या दोन चाकांमधली गिअरपेटी) नाकावर, चौथी ट्रान्सफर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी). नकल दोन्हीकडे शांत. डिफरन्शियलवर चिर्र स्पष्ट. ट्रान्सफर केसवरही जवळपास तितकीच. इथेच या यंत्राची खरी उणीव कळली: क्लिप लावता येते ती न फिरणाऱ्या भागाला. या दोघांच्या मधोमध आहे प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे ताकद नेणारा फिरता दांडा (थोडक्यात प्रॉप शाफ्ट), आणि संशय नेमका त्याच्यावरच. धातूतून आवाज दोन्ही टोकांना पोचतो, त्यामुळे जिथे मोठा ऐकू आला तिथेच बिघाड असं धरून चाललो असतो तर मी डिफरन्शियल खोलून बसलो असतो.

मग हेडफोन तसेच ठेवून दोन फुकटच्या चाचण्या केल्या. माझ्या गाडीला हाताने फिरवायचे हब लॉक आहेत, म्हणजे पुढचं चाक त्याच्या शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे खटके. गाडी टू-व्हीलमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) ठेवून हब मोकळे केले की पुढची चाकं फिरतात, पण हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे), डिफरन्शियल, प्रॉप शाफ्ट थांबतात. हब मोकळे केले, आवाज बंद. हब लावले, पक्षी हजर. म्हणजे टायर, ब्रेक आणि ते बिचारं बेअरिंग, तिघेही निर्दोष.

दुसरी चाचणी मोजणीची. टायरवर खडूची रेघ मारली, गाडी चालण्याच्या वेगाने नेली आणि चिर्र मोजले. चाकाच्या एका फेरीत चार. माझ्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.१ आहे, म्हणजे चाक एकदा फिरतं तेव्हा प्रॉप शाफ्ट चार वेळांहून किंचित जास्त फिरतो. आवाज हाफ शाफ्टचा असता तर फेरीला एखाद-दुसरा आला असता. ही मोजणी हेडफोनशिवाय मला जमली नसती, आणि म्हणून संचाला पैकीच्या पैकी नाही तरी बरेच गुण.

फ्लँजवर (शाफ्टच्या टोकाची बोल्टने जोडायची चकती) खुणा करून प्रॉप शाफ्ट उतरवला. (कायम फोर-व्हील असलेल्या गाडीत असा शाफ्ट उतरवून गाडी चालवून बघायची तर मधलं डिफरन्शियल लॉक करावं लागतं, नाहीतर गाडी जागची हलत नाही.) ट्रान्सफर केसकडच्या जॉइंटमधल्या क्रॉसच्या (शाफ्टला वाकू देणारा, अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) एका टोपीभोवती विटकरी रंगाची भुकटी साचली होती. जॉइंट हाताने वाकवला तर एका दिशेला लोण्यासारखा, दुसऱ्या दिशेला मध्येच खटकन अडकणारा. टोपी काढली. सुयांसारखे रोलर कोरडे, दोन तर मोडून कण झालेले. ग्रीस निप्पल (ग्रीस भरायचं तोंड) होतं, पण मातीत इतकं बुजलेलं की आधीच्या सर्व्हिसिंगला कुणाला दिसलं नसावं. मलाही नाही.

क्रॉस बदलला, शाफ्ट खुणेला खूण जुळवून बसवला, आवाज गेला.

तक्रारी: हेडफोनचा फोम दुसऱ्याच दिवशी उसवला, क्लिपांवर नंबर नाहीत (मी रंगीत टेप गुंडाळली), आणि उघड्यावर असलेली क्लिप वेग वाढला की फक्त वारा ऐकवते. शिवाय एकट्या माणसाने हे वापरू नये. कानात हेडफोन आणि हातात स्टिअरिंग हा भलता धोका आहे.

परवा वहिनीने एक क्लिप वॉशिंग मशीनला लावली आणि हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. ते मात्र बेअरिंगच आहे.