महामारीतली आइस हॉकी: टँपा २०२० की माँट्रियाल २०२१?

भाचा नव्यानं आइस हॉकी पाहायला लागलाय. टँपा बे लाइटनिंग या अमेरिकी संघाचा २०२०चा प्लेऑफ (साखळीनंतरच्या बाद फेऱ्या) आधी बघू की माँट्रियाल कॅनेडियन्स या कॅनडातल्या संघाचा २०२१चा, यात तो अडकलाय.

खेळाच्या दर्जात टँपा वरचढ. आदल्या वर्षी कोलंबस संघानं त्यांना मालिकेत ४-० असं घरी धाडलं होतं. २०२०मध्ये त्याच कोलंबसविरुद्धचा पहिला सामना पाचव्या ओव्हरटाइमपर्यंत (बरोबरीनंतरच्या जादा वेळेपर्यंत) गेला आणि टँपाच्या ब्रेडन पॉइंटनं गोल करून संपवला. समोरचा गोलरक्षक कोर्पिसालो ८५ शॉट अडवूनही हरला. टँपाचा कर्णधार स्टॅमकोस दुखापतीमुळे अंतिम फेरीत तीन मिनिटंही खेळला नाही, पण तेवढ्यात गोल करून गेला. तो गोल चुकवूच नये.

वातावरणात मात्र टँपा मागे पडतं. सगळं टोरांटो आणि एडमंटनच्या बबलमध्ये (संघांना बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवून), प्रेक्षकांविना. माँट्रियालचा हंगामही रिकाम्या खुर्च्यांसमोरच सुरू झाला. कॅनडा-अमेरिका सीमा बंद, म्हणून साखळीतले सगळे ५६ सामने कॅनडातल्याच संघांशी. पण टोरांटोविरुद्ध १-३ अशी मागे पडलेली मालिका फिरवताना सहाव्या सामन्याला २,५०० लोकांना आत सोडलं. त्यांचा आवाज ऐकून अंगावर काटा येतो.

निकाल? टँपानं २०२०चा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. माँट्रियाल १९९३नंतर प्रथमच अंतिम फेरीत पोचलं आणि टँपाकडूनच १-४ हरलं.

डावपेच शिकायचे असतील तर टँपा. दुबळ्या मानलेल्या संघावर जीव लावायचा असेल तर माँट्रियाल. वेळ कमी असेल तर नुसती टोरांटोची मालिका. भाच्याला मी माँट्रियालच सुचवलंय.